प्रतापकेतूचं कोठार

एका राज्यात डोंगराएवढं कोठार होतं, आणि त्याच्या सावलीत माणसं उपाशी निजत. वाईट दिवसांसाठी म्हणून प्रतापकेतू राजानं गावोगावचं धान्य त्यात कोंडलं. वाईट दिवस आले. दार काही उघडलं नाही.

काळंबा चेटकीण पदर पसरून पुढे आली. राजा म्हणाला, "बाई, गरिबी तुझ्या कपाळीच लिहिलीय."

"असं होय? मग गरिबीचं खरं कारण ऐकल्यावाचून हे दार तुलाही उघडणार नाही. आणि दर खोट्या उत्तराला तू थोडाथोडा दगड होशील!"

पुढे राजवाड्याचीही चूल विझली. राजकन्या कनकलेखा भुकेनं अंथरुणाला खिळली. तेव्हा राजानं गरिबीचं कारण विचारायला बोलका धनेश पक्षी देशोदेशी धाडला.

धनेश डोंगरदेशाहून परतला. "तिथले म्हणतात, गेल्या जन्मीचं पाप." राजा दारापुढे मोठ्या हौसेनं तेच बोलला. गुडघ्यापर्यंत दगड झाला.

मग धनेश समुद्रदेशाहून परतला. "तिथले म्हणतात, आळस." राजाला हे फारच पटलं. कमरेपर्यंत दगड.

वाळूच्या देशाहून परतला. "देवाची मर्जी." गळ्यापर्यंत दगड!

आता उरलं फक्त डोकं. कनकलेखा भिंत धरधरून तिथवर आली.

"धनेशा, तू विचारलंस कुणाला?"

"ज्यांच्या अंगणात दाणे होते, त्यांना. मलाही पोट आहे, बाईसाहेब."

"मेल्या, ज्यांच्या अंगणात दाणा नाही त्यांना विचार! लांब नको, वेशीबाहेर जा."

धनेश गेला तसा परतला. "महाराज, ते उत्तर देत नाहीत. उलट आपल्यालाच विचारतात."

"काय विचारतात?"

"कुलूप कोणाचं?"

भरल्या पोटाला कारणं शंभर सुचतात, हे एकच तेवढं राजाच्या जिभेला जड! तोच लेक भिंतीवरून घसरली. तिचे डोळे मिटू लागले.

"माझं!" राजा ओरडला. "कुलूप माझं! पिकवलं त्यांनी, कोंडलं मी!"

दार कडाडून उघडलं. राजाच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळाला. वेशीबाहेरची माणसं टोपल्या घेऊन आत शिरली. राजकन्येला पहिली पेज पाजली ती काळंबेनंच.

ज्याचं धान्य त्याच्या घरी गेलं, कुलूप विहिरीत गेलं. राजाच्या डाव्या पायाचा अंगठा मात्र दगडाचाच राहिला. पुढे कधी तो दुसऱ्याच्या कपाळाकडे बोट दाखवू लागला, की तो अंगठा असा ठणके, की राजा मुकाट खाली बसे.