सरपंचांच्या डोक्यावरची भाडेकरू

“तू या गावात राहतेस, याला पुरावा काय?” सरपंच सेवेरिनोंनी विचारलं.

आणि कुणाला विचारलं? शाल्मली खटावकरला! जी वर्षभर त्यांच्याच डोक्यावर, म्हणजे बरोबर त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होती!

गाव स्पेनमधलं, तोर्रेसेका. कराडची शाल्मली तिथल्या ऑलिव्ह तेलाच्या कारखान्यात तेल तपासायची. शुक्रवारपर्यंत रहिवासी दाखला मिळाला नाही, तर तिचा परवाना संपणार, नोकरी जाणार आणि पुढच्या विमानानं ती थेट कराडला. तिथे आत्या स्थळं बघून तयारच होती.

“भाडेकरार दाखव.”

“केलाच नाही. मालकीणबाई म्हणाल्या, माझा शब्द हाच करार.”

“मग त्यांना बोलाव.”

“त्या शब्दासकट लेकीकडे अर्जेंटिनाला गेल्या! फोनही उचलत नाहीत. पण सेन्योर, तुम्ही मला रोज जिन्यात भेटता. परवा तुम्हीच म्हणालात, तुझ्या चपला फार वाजतात!”

सरपंच खुर्चीत रेलले. “ते मी शेजारी म्हणून म्हणालो. या खुर्चीत मी सरपंच असतो. सरपंचाला तुझ्या चपला ठाऊक नाहीत.”

वा! एका माणसाला दोन डोकी, आणि दोन्ही रिकामी! हे शाल्मली मनातच म्हणाली, कारण शिक्का त्यांच्या हातात होता.

“एखादा साक्षीदार आण,” सरपंच उदार झाले. “फक्त तो याच गावात जन्मलेला हवा. तुझा मित्र नको. तुझ्या घरी जेवलेला नको. आणि तू काही न विचारता त्यानं आपणहून सांगायला हवं, की ही मुलगी इथे राहते.”

“न विचारता? मग तो सांगेल कशाला?”

“तो तुझा प्रश्न! माझी कॉफीची वेळ झाली.”

सरपंच उठून गेले. कचेरीची चिटणीस नुरिया छताकडे बघत राहिली. तिला सरपंचांसोबत रोज काम करावं लागत होतं, त्यामुळे छत तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

चौकातल्या बाकावर गावातली ज्येष्ठ मंडळी बसली होती. शाल्मलीच्या पिशवीत कांदे किती, तिच्या घरी पत्र कुणाचं आलं, तिनं अजून लग्न का केलं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ती समोर जाऊन नुसती उभी राहिली. मंडळी हवेबद्दल बोलू लागली! शेवटी एक आजोबा पुटपुटले, “कोण गं ही पोरगी? सरपंच ओळखत नाहीत, तर आम्ही कसे ओळखणार?”

कालच याच आजोबांनी तिला आपल्या भाच्याचा फोटो दाखवला होता.

ती तडक घरी आली. दुपारचे दोन वाजून गेले होते. गावातल्या खिडक्यांच्या झडपा धडाधड बंद झाल्या होत्या. पाचपर्यंत आता सगळं गाव झोपणार! या वेळी शाल्मलीनं नुसती खुर्ची सरकवली, तरी खालून सरपंच झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. मध्यरात्री त्यांच्या रेडिओवर फुटबॉलवाले बोंबलायचे, तो आवाज नव्हे! ती संस्कृती!

तिनं चिडून खुर्ची ओढली. खालून ठक! ठक!

शाल्मली थबकली, आणि खुदकन हसली. “मित्र नको? छे! मित्र हवाय कुणाला!”

गुरुवारी तिनं नुरियाला जेवायला बोलावलं. “आणि येताना दाखल्याचा कागद आणि शिक्का पर्समध्ये टाकून आण.”

“कशाला?”

“छताकडे बघून कंटाळली नाहीस का?”

नुरिया शिक्का घेऊन आली.

बरोबर तीन वाजता शाल्मलीनं कराडहून आणलेल्या मिक्सरमध्ये सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरच्या घातल्या. घर्रर्रर्र! खालून ठक! ठक! एरवी ती इथेच थांबायची. आज तिनं वेग वाढवला. ठक! ठक! ठक! तिनं अजून वाढवला. मग ठकठक थांबली आणि जिना धडधडू लागला.

दार उघडलं. समोर सरपंच! अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, एकाच पायात सपात, हातात झाडू.

“बंद कर ते यंत्र! वर्ष झालं! वर्षभर ही मुलगी माझ्या डोक्यावर राहतेय, आणि वर्षभर मी दुपारी झोपलेलो नाही! सगळ्या गावाला ठाऊक आहे!”

शाल्मलीनं मिक्सर बंद केला. स्वयंपाकघरातून नुरिया बाहेर आली.

“नुरिया, हे गृहस्थ याच गावात जन्मले ना?”

“माझ्या आजीच्या शेजारच्या घरात!”

“माझे मित्र? देव न करो! माझ्या घरी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आणि मी त्यांना काही विचारलं?”

“एक अक्षर नाही!”

सरपंचांचा चेहरा मिरचीसारखा झाला. “ही लबाडी आहे! मी सरपंच आहे! सरपंचाची साक्ष सरपंचापुढे चालत नाही!”

“सरपंच?” शाल्मलीनं त्यांच्या मागे जिन्यात वाकून पाहिलं. “कुठे आहेत? सरपंच तर खुर्चीत असतात! इथे पायजम्यात आलेत ते माझे खालचे शेजारी. साक्ष शेजाऱ्यांनी दिली!”

सरपंचांनी स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं. एका सपातेकडे पाहिलं. आणि असे गडगडून हसले, की समोरच्या घराच्या झडपा उघडल्या.

“खुर्ची दे, मुली!” ते डोळे पुसत म्हणाले. “खुर्चीत बसल्याशिवाय मी सरपंच होत नाही!”

शाल्मलीनं खुर्ची पुढे केली, मुद्दाम खरखर ओढत. सरपंच बसले. नुरियानं कागद आणि शिक्का पुढे धरले. सही झाली, शिक्का उमटला. मग त्यांनी टेबलावरच्या पावाचा तुकडा मोडून मिक्सरमधल्या चटणीत घोळवला आणि खाल्ला. त्यांच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं.

“आता मी तुझ्या घरी जेवलो,” ते खोकत म्हणाले. “माझी साक्ष बाद!”

“शिक्का आधी बसलाय, सेन्योर!”

ते पुन्हा खो खो हसले. दाराशी गेले, वळले आणि हातातला झाडू तिच्यापुढे धरला.

“घे, तुला बक्षीस. मध्यरात्री माझा रेडिओ मोठा झाला, की ठोक!”

त्याच रात्री फुटबॉलचा सामना होता. शाल्मलीनं मनसोक्त ठोकलं.