दोऱ्यावरचं बोट

निंबसर गावात विश्वंभर नावाचे एक वैद्य राहत. कर्करोगाच्या गाठी विरवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. काढा मात्र मोठा जहाल. रोगी आला की वैद्य रेशमी दोरा काढून गाठीभोवती धरत. दोरा मागच्या खेपेपेक्षा आखूड भरला की स्वारी खूश! "कसं वाटतंय?" असं ते विचारतही, पण डोळे दोऱ्यावरच. रोगी म्हणायचा, "बरं आहे."

आता, निंबसरच्या माणसाचं घर पेटलं असतं तरी त्यानं "बरं आहे" असंच सांगितलं असतं. औषध देणाऱ्याला आपलं रडगाणं ऐकवायचं नाही, अशी तिथली रीतच होती. वैद्यांना मात्र ते 'बरं आहे' म्हणजे 'बरा झालो' असं ऐकू येई.

त्याच गावात सुंद्राक्का राहायची. कुणाचंही लग्न असो, आमटी आक्काच्याच हातची. पळीतला थेंब तळहातावर घेऊन ती चाखायची, मान डोलवायची, आणि मगच पानं वाढली जायची. आक्काच्या गळ्याशी गाठ आली, तेव्हा सगळं गाव हळहळलं. वैद्यांनी काढा सुरू केला. दोरा आखूड होत गेला. आक्का दर खेपेला "बरं हाय की, वैद्यबुवा" म्हणत राहिली.

मग आक्काच्या नातीचं लग्न निघालं. आमटी अर्थातच आक्कानं केली. वैद्य पंगतीत ऐटीत बसले होते, कारण आक्का पुन्हा चुलीपाशी उभी होती ती त्यांच्याच औषधानं. त्यांनी पहिला भुरका मारला आणि तो तोंडातच राहिला. आमटी खारट, नुसती मिठवणी! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती. "फक्कड झालीय हं, आक्का!" एक म्हातारा ओरडला आणि त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

आक्का पळी घेऊन वैद्यांच्या पानाशी आली. "वैद्यबुवा, कशी झालीया आमटी?"

"बरी आहे," वैद्य म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि वैद्य चपापले. हाच शब्द ते रोज ऐकत होते आणि रोज खरा मानत होते. त्यांना पुढे जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आक्काच्या घरी गेले. दोरा काढला, पण गाठीला लावला नाही. दोन्ही हातांत ताणून आक्कासमोर धरला.

"आक्का, हे टोक म्हणजे पंगत सांभाळणारी पूर्वीची आक्का. हे दुसरं टोक म्हणजे अंथरुणावरून न उठणारी. आज तुम्ही कुठं आहात? बोलू नका, नुसतं बोट ठेवा."

तोंडाला भीड पडते, बोटाला पडत नाही. आक्काचं बोट सरकत गेलं आणि पार दुसऱ्या टोकाजवळ जाऊन थांबलं. मग तिला रडूच कोसळलं.

"जिभंला समदं मातीवानी लागतंय, वैद्यबुवा. बोटं बधिर झाल्याती. कालची आमटी खारट हुती न्हवं?"

"होती, आक्का. फार खारट होती."

"कुनीच सांगितलं न्हाई मला!"

"मीही नाही सांगितलं." वैद्यांनी दोरा खाली ठेवला. "गाठ किती उरली ते मी मोजत बसलो. तुम्ही किती उरलात ते मोजलंच नाही."

मग त्यांनी काही न लपवता सांगितलं, "हा काढ्याचाच त्रास. त्याची मात्रा उतरवता येईल. पण मग गाठ हळू ओसरेल, कदाचित ओसरायची थांबेलही. ठरवायचं तुम्ही."

आक्कानं चुलीशेजारची पळी उचलून हातात घेतली. "हळू तर हळू," ती म्हणाली. "पर माझी जीभ मला परत द्या."

एवढ्या नावाच्या माणसाला आपलाच काढा सौम्य करणं सोपं नसतं. विश्वंभर वैद्यांनी ते केलं, आणि म्हणूनच मला ते गाठी विरवण्यापेक्षाही मोठं वाटतं. तेव्हापासून त्यांच्याकडे प्रत्येक रोग्याची दोन मापं व्हायची. एक गाठीचं, एक बोटाचं.

उन्हाळ्यात आक्का पुन्हा दाखवायला आली. गाठ किंचित का होईना, आणखी उतरली होती. वैद्यांच्या पत्नीनं तिला ताक दिलं. आक्कानं घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली, "वैद्यबुवा, राग मानू नगा. ताकात मीठ कमी हाय."

वैद्यांच्या घरच्या ताकाला नाव ठेवणारं निंबसरमध्ये आजवर कुणी जन्मलं नव्हतं. वैद्य डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि आत हाक मारून म्हणाले, "अहो, मीठ आणा! आक्काच्या जिभेला चव आली!"

तात्पर्य: रोग किती हटला एवढंच मोजून भागत नाही, रोगी कसा जगतो आहे हेही मोजावं, आणि ते त्याच्याकडूनच समजून घ्यावं, त्याच्या 'बरं आहे'वर थांबू नये.