तिम्मव्वा आणि धरणाचा पान्हा

हिवरदऱ्याचं धरण कुणाच्या राज्यात बांधलं, ते विचारू नका. ज्यांनी पाहिलं ते गेले, आणि त्यांच्याकडून ज्यांनी ऐकलं तेही गेले. धरण म्हणजे तरी काय, दोन टेकड्यांच्या मधला मातीचा बांध. पण त्या बांधामागं पाणी साठतं, त्या पाण्यावर खालची सगळी जमीन हिरवी होते, आणि त्या जमिनीच्या कडेला, बांधाच्या अगदी पायथ्याशी, गाव आहे. बांध राहिला तर गाव राहील, इतकी साधी गोष्ट.

बांध घालायला वडार आले. त्यांची गाढवं आली, पाट्या आल्या, माती ठोकायचे धुम्मस आले. त्यांचा म्होरक्या येंकप्पा, आणि तिम्मव्वा ही त्याची थोरली बहीण. उंच, काळीसावळी, बोलायला कमी. तिचं काम एकच. वीतभर मातीचा थर पडला, पाणी शिंपडून झालं, धुम्मसानं ठोकून झालं, की ती त्यावरून अनवाणी चालायची. टाच रुतली की थर पुन्हा ठोकायचा. येंकप्पाशी माणसं हुज्जत घालायची, पण तिच्या टाचेशी कोण घालणार? असं म्हणतात, हातभर खोल राहिलेलं मातीचं ढेकूळसुद्धा तिच्या पायाला कळायचं.

बांध दोन्हीकडून सरकत आला आणि मधली खिंड तेवढी राहिली. येसाजी पाटलांनी मुहूर्त काढला होता, पंचक्रोशीला आवतणं गेली होती, आणि नेमकी काळ्या मातीची खाण संपली. आता काय करायचं? जवळच एक ओसाड पडलेलं जुनं गाव होतं. पडक्या भिंतींची तिथली पांढरी माती वडारांनी गाढवांवर घालून आणली आणि खिंडीत ओतली. कोरडीच. पाणी शिंपडायलासुद्धा सवड नव्हती. तिम्मव्वा वरून चालली तेव्हा तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिनं भावाकडं बघितलं. भावानं नजर फिरवली. समोर अख्खं गाव हारतुरे घेऊन उभं. तिची जीभ रेटली नाही. तिनं पाय उपसला आणि ती पुढं चालू लागली.

महिन्याभरात वडारांचा तांडा पुढच्या कामाला निघून गेला. तिम्मव्वा मात्र गेली नाही. भावानं हात जोडले, भावजय रडली, पण ही बांधाच्या पायथ्याशी खोपट घालून राहिली. का राहिली, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. लोकांनी आपलं ठरवून टाकलं, की बाई भोळी आहे, धरणावर जीव जडलाय तिचा.

रोज सकाळी ती बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पिंपळाचं रोप उगवलं की मुळासकट उपटायची. खेकड्यांची बिळं, घुशींची बिळं, सगळी चिखलानं ठासून बुजवायची. आणि शेवटी खिंडीच्या खाली जाऊन बसायची. तिथं करंगळीएवढा पाझर होता. मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच, त्याचं काही नाही. ती ओंजळीत पाणी घ्यायची, उन्हाला धरायची. नितळ दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा, तोही उद्या सकाळपर्यंतच. पाण्याला जाणाऱ्या बायका तिला चिडवायच्या, तिम्मव्वा, धरण आज शिंकलं का गं? तीही हसायची. अशी अठरा वर्षं गेली, बरं का. अठरा.

मग एका श्रावणात पाऊस लागला तो तेरा दिवस खळला नाही. धरण काठोकाठ भरलं. चौदाव्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि धुणं घेऊन आलेल्या एका बाईनं पाहिलं, तर खिंडीखालचा पाझर पांढराशुभ्र. अगदी दूध! ती धुणं टाकून ओरडत गावात पळाली. धरणाला पान्हा फुटला, गंगामाई प्रसन्न झाली! झालं, घराघरांतून बायका निघाल्या. हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या. कुणी ते पाणी तान्ह्या पोराच्या ओठाला लावलं, कुणी डोळ्यांना. वाजंत्री आली, नारळ घेऊन पाटील आले. हसू नका. त्या दिवशी तिथं असता तर तुम्हीही हातच जोडले असते.

तिम्मव्वा पहाटेपासून पार पलीकडं, सांडव्याजवळ होती. वाजंत्री ऐकून ती आली. लोकांनी कौतुकानं वाट दिली, की इतकी वर्षं सेवा केली हिनं, पहिली ओटी हिचीच भरा. तिनं दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेवर ठेवली. मग तिनं ओंजळ भरून पाटलांपुढं धरली.

"पाटील, जरा तोंडात घ्या. दूध दाताखाली करकरतं का?"

पाटलांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. अठरा वर्षांपूर्वी कुठली माती कुठं पडली, हे त्यांना नव्यानं सांगायला नको होतं. वाजंत्री आपोआप थांबली. तेव्हा तिम्मव्वा सगळ्यांकडं वळून बोलली. जन्मात इतकं ती कधी बोलली नव्हती.

"खिंडीतली पांढरी माती आहे ही. ती टाकली तेव्हा माझा पाय घोट्यापर्यंत रुतला होता. मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले. आता धरण आतून पोखरतंय. मोरी उघडा, पाणी सोडा, माणसं टेकडीवर न्या."

मोरी उघडायची म्हणजे वर्षाचं पाणी ओढ्याला सोडून द्यायचं. हरभरा गेला, गहू गेला. गर्दीत आधी कुजबुज झाली, मग संताप उसळला. अठरा वर्षं आमची भाकरी खाल्ली आणि हे पोटात ठेवलं? एकानं तर दगड उचलला. तिम्मव्वा हलली नाही. दगड लागला असता तर तिला बरंच वाटलं असतं. पण पाटील मध्ये आले. डोक्याचं पागोटं त्यांनी काढून हातात घेतलं.

"चूक तिच्या एकटीची नाही. मुहूर्त माझा होता," ते म्हणाले, आणि स्वतःच मोरीकडं चालू लागले.

तोवर पाझर मनगटाएवढा झाला होता. माणसं चिखलाचे गोळे घेऊन तो बुजवायला धावली. तिम्मव्वानं दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. "त्याचं तोंड दाबू नका. इथं दाबलं तर दुसरीकडं फुटेल. पाण्याला जाऊ द्या, मातीला धरा." आधी वाळू, वाळूवर बारीक खडी, खडीवर दगड, असं तिनं सांगितलं. पाणी त्यातून गाळून जाईल आणि माती आतच राहील. पण पाण्याचा जोर असा, की वाळू ठरेना. पाटी पडली की वाहून जाई. तेव्हा ती स्वतः त्या तोंडावर पाठ टेकून बसली आणि म्हणाली, टाका.

असं म्हणतात, तिच्याभोवती वाळू ठरली. कमरेपर्यंत वाळू आली, खडी आली, मग दगड आले, आणि तिच्या लुगड्याखालून जे पाणी निघालं ते नितळ होतं. अख्खं गाव टेकडीवर चढून खाली बघत होतं, दगड रचायला गडी तेवढे खाली उतरत होते. तीन दिवस मोरी गरजत होती. तीन दिवस तिम्मव्वा डोळे मिटून बसली होती. असं म्हणतात, त्या तीन दिवसांत चहूकडं पाऊस झाला, पण हिवरदऱ्याच्या धरणात एक थेंब पडला नाही. ढग यायचे आणि टेकडीवरूनच मागं फिरायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी खिंडीच्या खाली उतरलं. पाटील धावत खाली आले. दगडांचा ढीग आता माणसाच्या उंचीएवढा झाला होता. त्यांनी आपल्या हातांनी दगड काढले, खडी उपसली, वाळू उपसली. आत कुणीच नव्हतं. कुणी म्हणतं, ती धरणात मिसळून गेली. कुणी म्हणतं, त्या गडबडीत उठून ती आपल्या तांड्याच्या शोधात गेली. काय खरं ते तिलाच ठाऊक. पाटील मात्र तिथं बसून लहान पोरासारखे रडले.

उन्हाळ्यात खिंड उकरून लांबून आणलेल्या काळ्या मातीनं पुन्हा भरली. या वेळी मुहूर्त कुणी काढला नाही. जेव्हा झालं, तेव्हा झालं.

आजही श्रावणात धरण भरलं की गाव बांधावर जमतं. सरपंच नारळ घेऊन उभे राहतात, पण त्यांना तो लगेच फोडता येत नाही. आधी ज्यानं धरणाचं जे काही वावगं पाहिलं असेल, ते त्यानं सर्वांसमोर बोलायचं. बोलणाऱ्याला अडवायचं नाही, दरडावायचं नाही, मग तो कुणी का असेना. याला आमच्याकडं 'तिम्मव्वाचं बोलणं' म्हणतात.

तीन वर्षांमागं कुणीच बोलेना. ऊन डोक्यावर आलं, पाहुणे चुळबुळ करायला लागले, सरपंचांचा हात दुखायला लागला. तेव्हा मागच्या रांगेतून एक नवी सून पुढं आली, लग्नाला चार महिने झालेली. डोक्यावरचा पदर सावरून ती सरपंचांसमोर उभी राहिली.

"आमच्या मामंजींनी बांध खणून मोटारीचा पाइप टाकलाय," ती म्हणाली. "चिंचेच्या समोर. वरून गवत लावलंय."

सासरा खाली मान घालून उभा राहिला. मग टोपी नीट करून तो गर्दीतून निघाला आणि घरून टिकाव घेऊन आला. पाठोपाठ गाव निघालं. संध्याकाळपर्यंत पाइप निघाला, काळी माती भरून ठोकून झाली. त्यानंतर नारळ फुटला, आणि पहिली ओटी त्या पोरीची भरली, तिच्याच सासूनं.