रुमालाखालचा भाव

“...मग बारा लाख जास्त होतात का, बाबा? तुम्हीच सांगा.”

मौलाबाबा लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाचं बारा लाख?”

“गाडीचे. आत्ता तासभर काय सांगतोय मी?”

तासभर नव्हे, पण बराच वेळ प्रभाकर शेटे एकटेच बोलत होते हे खरं. त्यांना बोलायची सवय होती आणि समोरच्याला ऐकून घ्यायची. त्यांचा धंदाच मुळी किंमत काढण्याचा. अपघातात चेपलेली मोटार असो नाहीतर बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं, सांगली-मिरजेत कशाचंही मोल ठरवायचं झालं की विमावाले आणि बँकावाले शेट्यांचं दार ठोठावत. शेट्यांनी एकदा आकडा सांगितला की वकीलसुद्धा त्यावर ब्र काढत नसत. अशा माणसाने ओढ्याकाठच्या तकियात, पिराशेजारच्या मठीत, येऊन फकिराला भाव विचारावा, म्हणजे वैद्याने रोग्याला औषध विचारण्यातला प्रकार.

पण मौलाबाबाही जन्माचे फकीर नव्हते. उमेदीच्या काळात याच बाजारतळावर ते बैलांचे दलाल होते. शेट्यांचे वडील घाण्याचे बैल त्यांच्याच मध्यस्थीने घेत. मौलाने भाव ठरवला की घेणाराही हसत घरी जातो आणि विकणाराही, असं वडील म्हणायचे. पुढे एक दिवस मौलाने दलाली सोडली आणि बाजारतळाच्या कडेला, पिराच्या थडग्याशेजारी येऊन बसला. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. लोक मात्र अजून येत. भावाभावांची वाटणी असो, नाहीतर बांधाचं भांडण असो, बाबांचा शब्द दोन्ही बाजू मानत.

“पुन्यांदा सांग,” बाबा म्हणाले.

शेट्यांनी घसा साफ केला.

“स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, छत उघडणारी. नवी पस्तीस लाखांना येते. ही नऊ वर्षांची. वर्षागणिक घट धरली. टायर नवे, म्हणून थोडे वाढवले. डाव्या दाराला ओरखडा आहे, म्हणून कापले. असल्या गाडीला गिऱ्हाईक कमी, त्याचेही कापले. बारा लाखांच्या वर एक पैसा निघत नाही. खालीही येत नाही.”

“मंग झालं की. आला तुझा हिशोब.”

“हिशोब आला. गाडी जात नाही.”

“गिऱ्हाईक न्हाई?”

“तिघं येऊन गेले.”

“बारा लई हायत म्हनाले?”

“...तिघंही लगेच तयार झाले.”

बाबांचा लसूण सोलणारा हात थांबला.

“गाडी कुनाची?”

“आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची.”

ओळखीचे गृहस्थ वगैरे कुणी नव्हतं. गाडी शेट्यांच्या मुलाची होती, सुमेधची. सात महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि सव्वीस वर्षांचं पोर आठवड्याच्या आत हातचं गेलं. तेव्हापासून गाडी इमारतीच्या खाली कव्हर घालून उभी होती. शेट्यांना हे तोंडाने बोलायचं नव्हतं. बोललं की ते खरं होतं, आणि ते खरं व्हायला त्यांची अजून तयारी नव्हती.

“तिघं तयार झाले,” बाबा म्हणाले. “मंग त्या गृहस्थानं दिली का न्हाई?”

“त्यांनी भाव वाढवला. पहिल्याला चौदा सांगितला. दुसऱ्याला सोळा. तिसऱ्याला...”

“तिसऱ्याला?”

“बावीस.”

“आन् तू एवढा हुशार मानूस. तू न्हाई इचारलंस, का रं बाबा वाढवतोस म्हनून?”

बाजारतळावर चिटपाखरू नव्हतं. बाजाराचा दिवस नसला की तिथे नुसते खुंटे उभे असत.

“गिऱ्हाईक गाडीत बसतं,” शेटे खाली बघत म्हणाले. “आणि बसल्या बसल्या सीट मागे सारतं.”

“मंग?”

“सुमेध बुटका होता.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते शेट्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. बाबांनी मात्र खोटं पकडल्याची खूणसुद्धा केली नाही. सोललेल्या पाकळ्या त्यांनी वाटीत टाकल्या.

“सीट पुढे आहे,” शेटे म्हणाले. “त्याने ठेवली तशीच. मी बसतो तेव्हा माझे गुडघे समोर आपटतात. पण मी सारत नाही. आणि हे लोक येतात, बसतात, खालची दांडी ओढतात आणि खर्रकन...”

शेट्यांनी हवेतच दांडी ओढून दाखवली.

“त्या आवाजाबरोबर माझ्या तोंडून वाढीव आकडा जातो. मी ठरवून बोलत नाही, बाबा. जातो तो.”

“तू रोज बसतोस तीत?”

“सकाळी. थोडा वेळ इंजिन चालू ठेवावं लागतं. नाहीतर बॅटरी उतरते. बॅटरी उतरली की किंमत उतरते.”

“घरात आनिक कोन हाय?”

“बायको.”

“ती काय म्हनती?”

“तो गेल्यावर मी पहिल्यांदा गाडी चालू केली ना... आमचं स्वयंपाकघर बरोबर वर आहे. खिडकी उघडी होती. इंजिनाचा आवाज झाला आणि शैलजा आतून ओरडली. ‘सुम्या, डबा राहिला रे!’”

ओढ्याकडून वारा आला आणि लसणाची सालं अंगणभर उडाली. दोघांपैकी कुणीही ती गोळा केली नाहीत.

“मी खाली गाडीत बसलेलो. मला स्वच्छ ऐकू आलं. मग ताट पडल्याचा आवाज आला.”

“मंग बंद कर की.”

“काय?”

“इंजिन.”

“गाडी खराब होईल, बाबा.”

बाबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे. आजारी बैलाचे दात बघावेत तसं, दोन्ही बाजूंनी.

शैलजाबाई आता रोज सकाळी कानांवर उशी दाबून बसत. महिनाभर त्या एकच सांगत होत्या. गाडी विका. काय येईल ते घ्या, फुकट द्या, पण माझ्या कानांवरून हा आवाज न्या. आज चौथं गिऱ्हाईक येणार होतं. हाही सौदा मोडलात तर मी धारवाडला ताईकडे जाते आणि परत येत नाही, असं त्यांनी सकाळी शांतपणे सांगितलं होतं. शैलजाबाई बोलतात ते करतात, हे शेट्यांना तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. मुलगा गेला होता, बायको निघाली होती आणि मधे ही गाडी उभी होती. जन्मभर जगाच्या किमती काढणाऱ्या माणसाला तिचा एक भाव धड सांगता येत नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि भीतीही.

“पोरगं चालवायचं,” बाबा म्हणाले, “तवा तू शेजारी बसला असशील.”

“...नाही.”

“येकदाबी?”

“तो म्हणाला होता. घेतली त्या दिवशी. खाली उभी करून हाका मारायला लागला. अप्पा, या, एक चक्कर मारू. मी खाली गेलो. गाडीभोवती फिरलो, टायर बघितले, दार उघडून लावून बघितलं. म्हटलं, जुनी गाडी, केवढ्याला घेतलीस? त्याने सांगितलं.”

“मंग?”

“मी म्हटलं, फसवलं तुला. दोन लाख जास्त दिलेस. आधी मला विचारायचं होतंस.”

“आन् पोरगं काय म्हनालं?”

“हसला. म्हणाला, जाऊ द्या हो अप्पा, बसा तर खरं... आणि मी वर निघून गेलो. पुढे त्याने कधी विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. वाटलं, बसू कधीतरी. जाते कुठे गाडी.”

“खरंच जास्त दिलं हुतं त्यानं?”

“हो,” शेटे म्हणाले. “दोन लाख. माझा हिशोब चुकत नाही, बाबा. कधीच चुकत नाही...”

आणि एवढं बोलून त्या अभिमानी माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाबा त्यांना गप्प हो म्हणाले नाहीत. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि शेजारी ठेवला. शेट्यांनी तो घेतला नाही.

तेवढ्यात शेट्यांच्या खिशातला फोन वाजला.

“अहो, तो मुलगा आलाय,” शैलजाबाईंचा आवाज होता. “कोल्हापूरचा. चहा दिलाय त्याला. गाडी आवडली म्हणतोय.”

“आत बसला होता?”

“किल्ली माझ्याजवळ आहे. भाव ठरल्याशिवाय देत नाही मी... काय सांगू त्याला?”

शेट्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अहो, सांगा ना. काहीही सांगा.”

“पाच मिनिटं थांब. कळवतो.”

“माझी बॅग भरून झालीय,” शैलजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, थकवा होता. फोन बंद झाला.

शेट्यांनी डोळे पुसले. मग ते एकदम ताठ बसले. हे रडणं आपलं नव्हेच, अशा जुन्या, कोर्टातल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

“मी इथे सांत्वन करून घ्यायला आलेलो नाही. ते सगळ्यांनी करून झालंय. आत्मा अमर आहे, हे मला सतरा जणांनी सांगितलंय. मला भाव हवाय, योग्य भाव. घेणाऱ्याला फसवायचं नाही आणि आपणही फसायचं नाही. तुम्ही आयुष्यात एवढे बैल विकलेत. लोकांनी लेकरासारखे वाढवलेले बैल. त्यांचा भाव तुम्ही करत होता ना? मग एक आकडा मलाही सांगा. तुम्ही सांगाल तो शेवटचा. मी इथूनच फोन करतो. शब्द देतो.”

“मी सांगीन त्यो?”

“तुम्ही सांगाल तो. लाख सांगा, रुपया सांगा.”

बाबांनी ओला हात धोतराला पुसला. डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि स्वतःच्या उजव्या हातावर टाकला.

“हात दे.”

शेट्यांना समजलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा. दलाल जितकी बोटं दाबील तितका आकडा. भोवती गर्दी असते, पण काय ठरलं ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. लहानपणी वडिलांचा हात असा रुमालाखाली गेला की शेटे श्वास रोखून वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

त्यांनी हात आत घातला.

म्हाताऱ्याचा तळवा खरखरीत होता, उबदार होता. सात महिन्यांत लोकांनी शेट्यांच्या पाठीवर हात ठेवले होते, लांबून हात जोडले होते. त्यांचा हात असा कुणी हातात घेतला नव्हता. घरीसुद्धा नाही. नवराबायको दोघंही एकमेकांना टाळूनच वावरत होते.

बाबांचं पहिलं बोट हललं असावं. शेट्यांना ते जाणवलं, आणि ते दाबलं जाण्याच्या आतच त्यांची मूठ मिटली.

बाबांची पाचही बोटं त्यांनी मुठीत आवळून धरली.

बाबा थांबले. त्यांनी हात ओढला नाही. रुमाल दोघांच्या हातांवर होता तसा राहिला.

ऊन पायरीवरून खाली उतरलं. शेट्यांच्या खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला... आणि परत वाजायला लागला. उजवा खिसा, आणि उजवा हात रुमालाखाली. शेट्यांना डाव्या हाताने तो काढता आला असता. त्यांनी काढला नाही. मूठ आणखी घट्ट झाली, इतकी की म्हाताऱ्याची हाडं दुखली असतील.

“सांगा ना, बाबा,” शेटे हुंदके देत म्हणाले. “काहीतरी भाव सांगा. ती वाट बघतेय तिकडे... का सांगत नाही तुम्ही?”

“कसा सांगू?” बाबा म्हणाले. “हात तू धरलायस, लेकरा... सोड, मंग सांगतो.”