चंदनाच्या वासाचा गालिचा

"मग गुरुवारी तुळशीरामला बाहेर ओट्यावर बसवायचं की नाही, एवढंच सांगा अक्का."

रत्नाक्का वाटाणे सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणी बसवायचं?"

"तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल."

"आणि तू सांगितलंस तर?"

श्रीपाल चौगुलेनं तोंडानं काही सांगितलं नव्हतं. पण गेले दोन गुरुवार तुळशीराम मिस्त्री येताना वर्तमानपत्राचं पान घेऊन येत होता आणि दाराजवळ ते अंथरून त्याच्यावरच बसत होता. कोणाच्या नजरेमुळे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जयसिंगपुरातल्या रत्नाक्का म्हणजे शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन बसत. अक्का पोथीतल्या चार ओळी वाचत, दोन वाक्यं बोलत आणि मग चहा होई. श्रीपाल नऊ वर्षं येत होता आणि नऊ वर्षं पहिल्या रांगेत बसत होता.

त्याचा धंदा गालिचे, सोफे धुऊन देण्याचा. सांगली-मिरजेतली मोठमोठी घरं त्याला बोलावत. कुठल्या रंगाला गार पाणी, कुठल्याला कोमट, कुठल्या लोकरीला ब्रश लावायचाच नाही, सगळं त्याच्या हातात होतं. अक्कांच्या खोलीतला लाल लोकरी गालिचा तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः धूत असे. तिथं माणसं पाठवत नसे. ती त्याची सेवा होती.

आणि तरीही गालिचा काळा पडत होता. रविवारी धुतलेला, दुसऱ्या गुरुवारपर्यंत मळका. दाराजवळ तर पाटाएवढा काळा डाग.

नेमका तिथं तुळशीराम बसायचा. बसस्टँडमागच्या गॅरेजातून तसाच उठून यायचा. हात धुऊन यायचा, पण विजारीला लागलेलं ऑइल काही हात धुऊन जात नाही. बायको गेल्यापासून गावात त्याला ही एकच जागा उरली होती, जिथं त्याला कोणी "गाडी कधी देणार?" असं विचारत नसे.

"अक्का, मी काही त्याच्या वाईटावर नाही," श्रीपाल म्हणाला. "पण एका माणसापायी सगळ्यांचा गालिचा..."

अक्का उठल्या. दाराजवळ गेल्या. काळ्या डागाकडे बोट करून म्हणाल्या, "इथं हात ठेव."

श्रीपालनं वाकून तळवा टेकवला.

"काय लागलं?"

"मळ."

"आणखी?"

"आणखी काय लागणार?"

अक्का ओट्यापर्यंत गेल्या आणि समोरच्या नळावर हातपाय धूत असलेल्या माणसाला त्यांनी हाक मारली.

"तुळशीराम! इकडं ये रे. पाणी भरायचंय."

श्रीपालच्या कपाळावर आठी पडली. तुळशीराम आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. हातातली टोपी उगाच फिरवत राहिला.

"मी सांगायलाच आलो हुतो अक्का. गुरुवारपास्नं जमंल असं वाटत न्हाई. गॅरेजात काम लई हाय."

"बरं. आज आहे का काम?"

"आज रविवार की."

"मग बादल्या उचल. श्रीपाल, तुझं यंत्र लाव."

यंत्र दारात उभंच होतं. श्रीपालनं नेहमीप्रमाणे आधी कोरडी धूळ ओढून घेतली, कोपऱ्यात ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटत नाही ना ते पाहिलं आणि पिशवीतून शाम्पूची बाटली काढली.

"ती राहू दे," अक्का म्हणाल्या. "नुसत्या पाण्यानं धू."

श्रीपाल हसला. "नुसत्या पाण्यानं मळ सुटत नाही, अक्का. अठरा वर्षं हेच करतोय मी."

"राहू दे म्हटलं ना."

त्याच्या मनाला ते लागलं. पण अक्कांचा शब्द होता. तुळशीरामनं बादली ओतली. यंत्र घुरघुरलं. एका नळीतून पाणी गालिच्यात जात होतं, दुसरीतून ओढलं जाऊन मागच्या टाकीत पडत होतं. टाकीचं झाकण काचेसारखं पारदर्शक होतं.

श्रीपालचं तिकडे लक्ष नव्हतं. तुळशीरामचं होतं.

"शेठ, ह्ये काय वो?"

टाकीत फेस होता. पांढराशुभ्र, ताकावर यावा तसा. झाकणाला टेकला होता.

श्रीपालनं यंत्र बंद केलं. टाकी अंगणात नेऊन रिकामी केली. परत आला.

"आधीचं काहीतरी राहिलं असेल टाकीत," तो म्हणाला.

"असेल," अक्का म्हणाल्या.

दुसरी बादली... पुन्हा फेस.

तिसरी... फेस.

आता श्रीपाल दाराजवळच्या डागावर गेला. तिथं पाणी मारलं आणि ओढून घेतलं, तर टाकी अशी भरली की फेस झाकणाच्या फटीतून बाहेर येऊन फरशीवर उतरला. सगळ्या खोलीत चंदनाचा वास सुटला.

तुळशीराम बादली धरून उभा होता. "शेठ, आमच्या अंगाला ऑइल असतंय, ग्रीस असतंय. पर चंदन... त्ये न्हाई बा आमचं."

अक्कांना हसू फुटलं. श्रीपालला नाही.

तो गुडघ्यावर बसला. तळवा पुन्हा गालिच्यावर ठेवला, दाबला आणि सावकाश उचलला. आता त्याला कळलं. लोकर तळव्याला किंचित धरून ठेवत होती. चिकट होती.

लोकांच्या घरी तो एक झाकण शाम्पू घाली, मोजून. आणि मग तीन-तीनदा साध्या पाण्यानं काढी. नवीन पोरांना तो पहिल्या दिवशी हेच बजावायचा, की गालिच्यात शाम्पूचा थेंब राहिला तर तो येणाऱ्या प्रत्येक पावलाची धूळ धरून ठेवतो.

पण अक्कांच्या घरी तो चार झाकणं घाली. चंदनाच्या वासाचा, वेगळा मागवलेला. आणि शेवटचं साधं पाणी मारतच नसे. वास जाईल म्हणून. गुरुवारी माणसं आत आली की म्हणायची, "वा! श्रीपालनं धुतलेला दिसतोय." ते ऐकायला तो पहिल्या रांगेत बसलेला असे.

आणि दाराजवळ जितका काळा डाग दिसे, तितका जास्त शाम्पू तो तिथं ओतत असे.

"किती झाल्या बादल्या?" त्यानं विचारलं.

"चार," तुळशीराम म्हणाला.

"अजून लागतील."

"आणतो की."

सातव्या बादलीला फेस कमी झाला. नवव्या बादलीला टाकीत नुसतं गढूळ पाणी आलं. अकराव्याला ते पाणी इतकं नितळ होतं, की टाकीचा तळ दिसला. गालिच्याला आता कसलाच वास येत नव्हता. दाराजवळचा डाग शोधावा लागत होता.

दोघांनी मिळून तो ओला, जड गालिचा जिन्यावरून वर नेला. श्रीपालचा पांढरा सदरा छातीपासून खाली भिजला होता आणि एका खांद्यावर, विजारीला पुसलेल्या तुळशीरामच्या हाताची, ऑइलची पाच बोटं उमटली होती. गच्चीच्या कठड्यावर गालिचा टाकून त्यांनी सुरकुत्या ओढून काढल्या. अक्का एकेक पायरी चढत मागून आल्या.

गालिच्यातून पाणी ठिबकत होतं...

"तुळशीराम," श्रीपाल म्हणाला. "तो डाग माझा होता."

"असूं दे वो, शेठ."

"असू दे नाही. माझाच होता. आणि मी..." त्यानं गालिच्याची एक सुरकुती पुन्हा ओढली. "गुरुवारी येशील ना? कागद नको आणूस."

तुळशीरामनं गालिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या विजारीकडे. मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

श्रीपाल अक्कांकडे वळला. धंद्यात मुरलेला माणूस. खोटं आश्वासन द्यायची त्याला सवय नव्हती.

"अक्का, एक सांगून ठेवतो. आता पूर्वीसारखा काळा पडणार नाही. पण हा बसणार, सगळेच बसणार. थोडा तरी मळणारच तो."

अक्कांनी गालिच्याचं ओलं टोक हातात घेतलं आणि पिळलं.

"मळू दे. माणसं येऊन गेली म्हणायची."