हेमांगद राजाच्या सुरीची खोळ

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, फक्त तोंडाचा तिखट होता. एकदा लढाईत एक मांत्रिक त्याच्या मदतीला धावून आला आणि जाताना त्याने राजाला एक लहानशी सुरी दिली, चामड्याच्या जुन्या खोळीसकट.

"सुरी माझी, खोळ माझ्या आईच्या हातची," मांत्रिक म्हणाला. "दोन्ही जप."

राजाने सुरी कमरेला खोचली आणि खोळ शेकोटीत टाकली. राजाच्या कमरेला जुनं कातडं शोभतं का? मांत्रिकाने जळत्या खोळीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सुरीला घर उरलं नाही. आता ती तुझ्या जिभेवर राहील."

जिभेला हाड नसतं म्हणतात; राजाच्या जिभेला त्या दिवसापासून पातं होतं. तो प्रधानावर ओरडला, प्रधानाचा खांदा चिरला. लेक वेणुमती गळ्यात पडायला आली, तिला तो कामाच्या घाईत "दूर हो" म्हणाला, आणि तिच्या गालावर रक्ताची रेघ उमटली. राजा हादरला. तो बोलायचा थांबला. दरबार खुणांवर चालू लागला, आणि वेणुमती दिसली की राजा वाट बदलू लागला.

त्याने सोन्याचं म्यान घडवलं, रुप्याचं घडवलं, चंदनाचं घडवलं. कमरेच्या सुरीने तिन्ही चिरून टाकली. तेव्हा बागेतला म्हातारा भारद्वाज पक्षी खाली उतरला.

"खोळ तू जाळलीस, तूच शिवली पाहिजेस," पक्षी म्हणाला. "आपल्या मरणाने मेलेल्या हरणाचं कातडं आण. तळ्यातली नागीण दोरा वळते, तो माग. मग ओली खोळ सुरीवर चढव, मुठीत धर आणि वाळेपर्यंत बसून राहा. तोवर तोंडातून अक्षर काढलंस की सगळं फुकट."

पहिली दोन कामं राजाने केली. घोडा, तलवार आणि थोडा हट्ट असला की राजांना अशी कामं जमतात. कातडं त्याने बाभळीच्या सालीत मुरवलं, बोटं टोचून घेत वेडीवाकडी शिवण घातली, आणि सकाळच्या उन्हात ओली खोळ मुठीत धरून अंगणातल्या दगडावर बसला.

तेवढ्यात वेणुमती आली. आज राजाला उठून जाता येईना.

"तात, शाप सुरीचा आहे, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण माझ्याकडे न बघण्याचा शाप कुणी दिला? दासी म्हणतात, वण पडलेली लेक राजाला नकोशी झाली."

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण म्हणालं ते सांग, आत्ता देशोधडीला लावतो! शब्द ओठांशी आला. राजाने तो गिळला. आपलं काही चुकलं नाही, हे सांगणारे दहा शब्द मागोमाग आले. तेही गिळले. गिळता गिळता त्याला कळलं की लेक खरंच बोलते आहे. त्याने आजवर तिला जपलं नव्हतं, टाळलं होतं.

त्याने मान वर केली, तिच्या गालाकडे नीट पाहिलं, आणि सरकून दगडावर जागा केली. वेणुमती बसली. साठलेलं सगळं बोलली, रडली, मग तिने त्याच्या मुठीवर हात ठेवला. ऊन चढलं. मुठीतली खोळ वाळून पात्याच्या आकाराची झाली. राजाने सुरी उपसली, पुन्हा आत सारली. ती अलगद बसली. जिभेवरून काहीतरी गार उतरून गेलं.

"आता बोल," भारद्वाज म्हणाला.

राजाला धीर होईना. शाप उतरला नसेल तर? लेकीनेच आपला गाल पुढे केला.

"वेणू," राजा म्हणाला.

तिने गाल चाचपला. जुना वण होता, बोटाला रक्त लागलं नाही.

दरबार पुन्हा बोलता झाला. ती वेडीवाकडी खोळ राजाने जन्मभर कमरेला बाळगली, आणि राग आला की आधी तिच्यावर हात ठेवायचा. जशी त्याच्या सुरीला खोळ लाभली, तशी ज्याच्या त्याच्या धारेला लाभो.