लॅपटॉपमध्ये पाणी शिरलं

एका गावात एक भोळा नवरा राहायचा. हणमंता त्याचं नाव. गावात बाकी कोणी भोळं नव्हतं, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको वैजयंता शिकलेली. शाळेत संगणक शिकवायची नोकरी मिळावी म्हणून ती जिवाचं रान करत होती. शुक्रवारी तिची मुलाखत होती, तीही घरबसल्या, लॅपटॉपवर. घरात लॅपटॉप एकच. तोही लोकांची पोलकी शिवून, पोटाला चिमटा काढून घेतलेला.

सोमवारी हणमंताच्या हातून त्यावर चहा सांडला. तो गाळणं आणायला धावला. त्याला वाटलं, चहा परत कपात भरून घ्यावा.

“अहो, गाळणं काय आणताय!” वैजयंता ओरडली. तिनं वायर उपटली, लॅपटॉप बंद केला आणि तंबूसारखा पालथा घातला. “नीट ऐका. काही सांडलं की आधी वीज बंद करायची. मग उलटं करून निथळू द्यायचं. वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

“एवढंच ना? आता नाही विसरणार.”

आणि तो खरंच विसरला नाही.

मंगळवारी वैजयंताचे मामा जेवायला आले. वाढता वाढता गरम कढी मामांच्या मांडीवर सांडली. हणमंतानं पळत जाऊन मेन स्विच बंद केला. मग मामांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना उलटं केलं.

“जावईबापू, सोडा हो!” मामा खालून म्हणाले.

“बोलू नका मामा. आधी निथळा.”

वैजयंता धावत आली, तर हणमंता तिलाच अडवू लागला. “हात लावू नकोस. अजून ओले आहेत.”

मामा न जेवताच गेले. वैजयंतानं कपाळाला हात लावला. “माणसाला उलटं करतात का कुठं? गरम सांडलं की त्यावर गार पाणी ओतायचं! भरपूर ओतायचं!”

“मग तसं सांगायचंस ना,” हणमंता म्हणाला.

बुधवारी बाहेरच्या खोलीत आमटीचं पातेलं कलंडलं. आमटी चांगली उकळती होती. हणमंतानं विहिरीवरून घागरी आणल्या आणि ओतल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा ओतल्या. पाणी उंबऱ्याला लागलं. चपला तरंगू लागल्या. मांजर माळ्यावर जाऊन बसलं. वैजयंता लॅपटॉप डोक्यावर धरून उभी राहिली.

“अहो, थांबा! किती ओताल?”

“आमटी गार झाली का बघतोय. पण सापडतच नाहीये.”

वैजयंतानं लॅपटॉप फळीवर ठेवला, पहार घेतली आणि भिंतीच्या बुडाशी भोक पाडलं. पाणी भळाभळा वाहून गेलं. “कळलं का आता? आत पाणी साठलं की ते बाहेर काढायचं. वाट नसेल तर भोक पाडायचं!”

“हे बेस आहे,” हणमंता म्हणाला. त्याला ती युक्ती फार आवडली.

शुक्रवार उजाडला. लॅपटॉप खडखडीत वाळला होता आणि सुरूही झाला. वैजयंतानं देवापुढं साखर ठेवली. “मी साडी नेसून येते. तोवर लॅपटॉपकडे लक्ष ठेवा. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. माझी नोकरी त्यात आहे.”

हणमंता डोळे लावून बसला. बराच वेळ कोणी हात लावला नाही की लॅपटॉप आपोआप हलती चित्रं दाखवायचा. तशी त्यानं दाखवली. पडद्यावर भलामोठा धबधबा कोसळू लागला.

हणमंता ताडकन उठला. थेंब कसला, अख्खी नदी आत शिरली होती!

पण आता तो शिकलेला होता. त्यानं मेन स्विच बंद केला. धबधबा काही थांबला नाही. त्यानं लॅपटॉप उलटा धरला. पाणी खालून वर पडायला लागलं. गार पाणी मात्र त्यानं ओतलं नाही. गरम काही सांडलंच नव्हतं, एवढं त्याला कळत होतं.

मग तो शेजारच्या सुताराकडून गिरमिट घेऊन आला.

वैजयंता नवी साडी नेसून बाहेर आली तेव्हा हणमंता लॅपटॉप डोळ्यासमोर धरून भोकातून तिच्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

“उगाच घाबरलो गं,” तो म्हणाला. “आरपार बघितलं, आत थेंबसुद्धा नाही. खुशाल बस मुलाखतीला!”